लोखंडी इमारतीचा सांधा आणि अग्नी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या व्यासपीठावरून एखादा रुक्ष यांत्रिक विषय मांडणे हे श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षा पाहण्यासारखे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु चिटणिसांनी आम्हांस बोलण्याची आज्ञा केली त्याच पत्रात, मंडळाच्या जागेवर खाली मंगल कार्यालय व वर विद्यार्थी-वसतिगृह उभारण्याचा संकल्प झाला असून ती इमारत लोखंडी सांगाड्याची करण्याचे घाटत आहे, असे कळविले होते. आमचे आयुष्य इमारतींच्या कामात गेलेले. तेव्हा या वास्तूसंबंधी जे सांगणे आम्हांस कर्तव्य वाटते, ते आज आपल्यापुढे ठेवावे असे आम्ही योजिले. ज्या कार्यालयात आपल्या कन्यांची लग्ने लागावयाची आणि ज्याच्या माडीवर परगावची आपली मुले रात्री निश्चिंत झोपावयाची, त्या वास्तूची चिंता केवळ ठेकेदारावर सोपवून भागणार नाही.

लोखंड जळत नाही, म्हणून लोखंडी इमारतीस आगीचे भय नाही, असा एक समज आपणां सर्वांत रूढ आहे. यातील पूर्वार्ध व्यवहारापुरता खरा असला तरी त्यावरून काढलेला उत्तरार्ध सर्वथा चुकीचा आहे. लोखंड जळत नाही, पण मऊ पडते. खेड्यातील लोहाराच्या शाळेत जो कोणी लहानपणी उभा राहिला असेल त्याला हे सांगावयास नको. भात्याच्या वाऱ्याने निखारे फुलले की तीच कठीण पहार लाल होते आणि घणाच्या चार घावांत वाकते. ती वितळलेली नसते. पोलाद वितळावयास सुमारे १५०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते, आणि घराच्या आगीत सहसा इतके उष्णतामान होत नाही. परंतु इमारत कोसळण्यास पोलाद वितळण्याची गरजच नसते. त्याने आपला जोर अर्ध्यावर आणला तरी पुरे होते.

हा जोर कसा घटतो ते आकड्यांनी पाहू. युरोपीय संहितेत दिलेल्या प्रमाणांनुसार साधे बांधकामाचे पोलाद ४०० अंशांपर्यंत आपली ताकद जवळजवळ टिकवून धरते. ५०० अंशांवर ती ७८ टक्के उरते, ६०० अंशांवर ४७ टक्के, ७०० अंशांवर अवघी २३ टक्के. आता आगीचा वेग पाहा. परीक्षेच्या भट्टीत जी आदर्श आग धरली जाते, तिचे उष्णतामान पाच मिनिटांत ५७६ अंशांवर, अर्ध्या तासात ८४२ अंशांवर व एका तासात ९४५ अंशांवर जाते. उघड्या तुळईस ही उष्णता भिनावयास थोडा अवधी लागतो हे खरे, पण तो अवधी तासांत मोजावयाचा नसून मिनिटांत मोजावयाचा असतो.

येथवरची गोष्ट बहुतेक शिकलेल्या ठेकेदारांस ठाऊक असते. आम्हांस आज जे विशेष सांगावयाचे आहे ते तुळईविषयी नाही आणि खांबाविषयीही नाही. ते आहे या दोहोंच्या मधल्या सांध्याविषयी.

लोखंडी सांगाड्यात खांब उभे असतात, तुळया आडव्या असतात, आणि जेथे तुळईचे टोक खांबास भिडते तेथे काही पट्ट्या, काही अँगल, चारसहा बोल्ट आणि थोडे वेल्डिंग असते. कोठे खांबाला अँगलची बैठक करून तीवर तुळई टेकवितात, कोठे खांबास उभी पट्टी वेल्ड करून तिला तुळईचा मधला पत्रा बोल्टांनी आवळतात, तर कोठे तुळईच्या टोकालाच जाड प्लेट जोडून ती खांबावर आवळतात. साऱ्या इमारतीच्या वजनात या सांध्यांचे वजन नगण्य. परंतु मजल्यावरचा प्रत्येक माणूस, प्रत्येक खाट आणि प्रत्येक ट्रंक यांचा भार याच मूठभर बोल्टांतून खांबात उतरतो. कुटुंबात जशी एखादी अबोल वडीलधारी बाई सर्वांस धरून ठेवते आणि तिची आठवण ती गेल्यावरच होते, तशीच सांध्याची गोष्ट आहे.

बोल्टांचे पोलाद तुळईच्या पोलादाहून निराळे असते. अधिक ताण घेणारा बोल्ट हा तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापवून कणखर केलेला असतो, आणि उष्णतेने मिळालेला कणखरपणा उष्णतेनेच जातो. म्हणून ५०० अंशांवर तुळईची ताकद ७८ टक्के असता बोल्टाची ५५ टक्केच उरते, आणि ६०० अंशांवर तुळई ४७ टक्क्यांवर असता बोल्ट २२ टक्क्यांवर आलेला असतो. इतकेच नव्हे, तर एकदा खूप तापलेला बोल्ट थंड झाल्यावरही पूर्वीची सारी ताकद परत मिळवीत नाही. डोळ्यांना तो जसाच्या तसा दिसतो.

यावर कोणी म्हणेल की, सांधा तर तुळईच्या मधल्या भागाहून थंड असतो. हे खरे आहे. सांध्यापाशी लोखंड दाट असते, खांबाचा आडोसा असतो, वरून स्लॅब असतो. बेताच्या उंचीच्या तुळईत सांध्याच्या तळाचे उष्णतामान मधल्या भागाच्या सुमारे ८८ टक्के आणि माथ्याचे सुमारे ६२ टक्के धरण्याची रीत आहे. याच आधारावर पुष्कळ वर्षे असे मानले गेले की तुळई सांभाळली म्हणजे सांधा आपोआप सांभाळला गेला. हे मानणे अपुरे का, ते समजण्यासाठी आगीत सांध्यावर काय काय ओढवते ते क्रमाने पाहिले पाहिजे.

पहिली अवस्था प्रसरणाची. वीस फुटांची, म्हणजे सुमारे सहा मीटरांची तुळई ५०० अंशांनी तापली तर ती सुमारे ४२ मिलिमीटर, म्हणजे दीड इंचाहून अधिक लांब होऊ पाहते. दोन्हीकडे खांब उभे असल्याने तिला जागा मिळत नाही. मग ती सांध्यावर आणि खांबावर प्रचंड रेटा देते. पुष्कळदा या रेट्याने सांध्याजवळ तुळईचा खालचा पाट चुरगळतो. दुसरी अवस्था वाकण्याची. तुळई मऊ होऊन मध्ये झोल खाते, टोके वळू लागतात आणि त्या वळण्याबरोबर सांध्यालाही वळावे लागते. तिसरी अवस्था ओढीची. झोल खूप वाढला की तुळई तुळईसारखी वागेनाशी होते आणि ओल्या कपड्यांनी भरलेल्या वाळवणीच्या दोरीसारखी लोंबकळते. दोरी जशी दोन्हीकडचे खिळे आत ओढते, तशी ही तुळई दोन्हीकडचे सांधे आत ओढते. जो सांधा केवळ खालचा भार पेलण्यासाठी योजला होता, त्याच्यावर आता आडवी ओढ येते.

आणि चौथी अवस्था, जिचा विचार सर्वांत कमी होतो, ती थंड होण्याची. आग विझली, बंब परत गेले, लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, त्या वेळी सांध्याची कठीण परीक्षा सुरू झालेली असते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवितात ते आपल्यापैकी वडील मंडळींनी पाहिले आहे. धाव तापवून लाल करतात, ती फुगते, मग ती लाकडी चाकावर बसवून पाणी ओततात. थंड होताना ती आक्रसते आणि साऱ्या चाकाला अशी आवळते की पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही. जे बळ चाक आवळते, तेच बळ इमारतीत बोल्ट तोडते. तापलेली तुळई दाबली जाऊन चुरगळलेली, म्हणजे मुळात आखूड झालेली असते. ती थंड होऊन आक्रसली की पूर्वीच्या लांबीहूनही कमी होऊ पाहते, आणि ती सारी ओढ सांध्यावर येते.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. १९९० सालच्या जून महिन्यात लंडनमधील ब्रॉडगेट येथे बांधकाम चालू असलेल्या चौदा मजली लोखंडी इमारतीत रात्री आग लागली. ठेकेदाराच्या कामगारांसाठी उभारलेल्या तात्पुरत्या खोल्यांतून ती पेटली आणि साडेचार तास चालली. सांगाड्यास अग्निरोधक लेप देण्याचे काम पूर्ण झालेले नव्हते. काही खांब सुमारे १०० मिलिमीटरांनी आखूड झाले, तुळया झोल खाऊन राहिल्या, पण इमारत उभी राहिली आणि कोणाचा प्राण गेला नाही. तपासणी करणाऱ्यांना काही सांध्यांच्या प्लेटा व बोल्ट तुटलेले आढळले, आणि ते आग भडकलेली असताना नव्हे तर निवताना तुटले असावेत असे दिसून आले.

या घटनेने जागे होऊन ब्रिटिश संशोधकांनी बेडफर्डशायरमधील कार्डिंग्टन येथे एक धाडस केले. तेथे पूर्वी आकाशनौका ठेवण्यासाठी बांधलेली प्रचंड छपरे आहेत. त्यांपैकी एका छपराखाली त्यांनी आठ मजल्यांची खरीखुरी लोखंडी इमारत उभी केली आणि १९९५-९६ मध्ये तिच्या निरनिराळ्या भागांत मुद्दाम आगी लावल्या. एका परीक्षेत तर कचेरीतील टेबले, खुर्च्या व कागद भरून ते पेटविले. कित्येक उघड्या तुळया १००० अंशांच्या घरात तापल्या, तरीही मजला कोसळला नाही, कारण स्लॅबची जाळी व भोवतालचा थंड सांगाडा यांनी भार वाटून घेतला. एकटी तुळई भट्टीत घालून तिला जी गुणपत्रिका मिळते, तीहून सबंध इमारत पुष्कळ बळकट ठरली. परंतु त्याच परीक्षांत सांध्यांची दुखणीही उघड झाली. सांध्याजवळ तुळईचे पाट चुरगळले होते. थंड होताना काही टोकांच्या प्लेटा एका बाजूने चिरल्या होत्या, काही ठिकाणी बोल्ट कातरले गेले होते. इमारतीची एकजूट मोठी, पण ती एकजूट ज्यांच्या हातांत, ते हात सांध्यांचे, हा कार्डिंग्टनचा धडा आहे.

तिसरे उदाहरण न्यूयॉर्कचे. २००१ सालच्या ११ सप्टेंबरला दोन जुळे मनोरे विमानांच्या धडकेनंतर पडले हे सर्वविश्रुत आहे. त्यांच्या शेजारी सत्तेचाळीस मजल्यांची ‘सात वर्ल्ड ट्रेड सेंटर’ ही १९८७ मध्ये पुरी झालेली इमारत होती. तिच्यावर विमान आदळले नव्हते. पडणाऱ्या मनोऱ्याच्या ढिगाऱ्याने तिच्यात आगी लागल्या. शहराचा पाण्याचा मोठा नळ फुटल्याने खालच्या मजल्यांवरील फवाऱ्यांस पाणी मिळाले नाही, आणि आगी सुमारे सात तास अनिर्बंध चालल्या. सायंकाळी ५ वाजून २० मिनिटांनी ती इमारत सबंध खाली आली. माणसे आधीच बाहेर काढलेली असल्याने त्या इमारतीत जीवहानी झाली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने दीर्घ तपास करून २००८ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा: लांब तुळया तापून वाढल्या, त्यांनी तेराव्या मजल्यावरील एका मुख्य गर्डरला बाजूला रेटले, आणि तो गर्डर एकूणऐंशी क्रमांकाच्या खांबावरील आपल्या बैठकीवरून सरकून खाली पडला. त्याच्या पाठोपाठ मजल्यामागून मजला तुटला, त्या खांबास आडवा आधार देणारे काही उरले नाही, तो वाकला, आणि त्याच्याबरोबर सारी इमारत गेली. तेथे लोखंडास अग्निरोधक लेप होता. ज्या उष्णतामानाला पोलाद फारसे मऊही पडत नाही, त्या उष्णतामानाला केवळ प्रसरणाने हा अनर्थ घडविला. मुख्यतः आगीने संपूर्ण कोसळलेली उंच इमारत म्हणून ज्ञात असलेले ते पहिले उदाहरण होय, असे त्या संस्थेने नमूद केले आहे. पुढे २०१७ च्या जानेवारीत तेहरानमधील प्लास्को ही जुनी लोखंडी इमारत आगीत कोसळली आणि कर्तव्यावर असलेले अनेक अग्निशामक जवान तिच्याखाली गेले.

एवढ्या दूरच्या गोष्टी आम्ही आपणांस का सांगितल्या, असे कोणास वाटेल. पण लोखंडी सांगाडा आपल्याकडे परका नाही. मुंबईस काळ्या घोड्यापाशी असलेल्या वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा १८६० नंतरच्या दशकात इंग्लंडात तयार होऊन जहाजाने आला होता. गिरणगावातील जुन्या चाळींत लाकडी मजल्याखाली दुरुस्तीसाठी घातलेल्या लोखंडी तुळया आपल्यापैकी कित्येकांच्या डोक्यावर आजही आहेत, आणि त्यांच्याखालीच गॅसच्या शेगड्या पेटतात. त्या तुळयांना फार तर तेलरंगाचा हात दिलेला असतो. तेलरंग गंजाला अडवतो, आगीला नव्हे.

आता उपायांकडे वळू. लोखंडाला आगीपासून जपण्याचे मार्ग चार आहेत: त्याभोवती काँक्रीट भरणे, व्हर्मिक्युलाइट व सिमेंट यांचा जाड लेप फवारणे, न जळणाऱ्या फळ्यांची पेटी करणे, किंवा उष्णतेने फुगून फेसासारखा जाड थर धरणारा खास रंग लावणे. यांतील कोणताही पत्करा, पण सांध्याला विसरू नका. आपल्या भारतीय मानक संहितेत, म्हणजे पोलादी बांधकामाच्या आयएस ८०० च्या २००७ सालच्या आवृत्तीत, याविषयी स्पष्ट नियम आहे. सांध्यात जितके भाग एकत्र येतात, त्यांपैकी ज्याला सर्वांत जाड संरक्षण लागते, तितकेच जाड संरक्षण सबंध सांध्याला द्यावे, आणि ती जाडी बोल्टांची डोकी, वेल्डिंग व जोडपट्ट्या या सर्वांवरून कायम राखावी, असा त्याचा आशय आहे.

नियम स्पष्ट असूनही कामावर काय घडते, ते आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. तुळईचा लांब सरळ भाग लेपावयास सोपा, म्हणून तो नीट लेपला जातो. सांध्याचा कोपरा अडचणीचा, बोल्टांची डोकी वरखाली, म्हणून तेथे हात आखडतो. त्यानंतर नळवाला येतो, तो पाइपाचा क्लॅम्प बसविण्यासाठी लेप खरवडतो. वायरमन येतो, तो आणखी थोडा काढतो. शेवटी खालून छत लागते आणि सारे झाकले जाते. कोणी वाईट हेतूने हे केलेले नसते. पण आग हेतू विचारीत नाही.

म्हणून मंडळाच्या बांधकाम-समितीस आमची नम्र पण आग्रहाची विनंती अशी की, करारपत्रावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न लेखी विचारावे. इमारतीची अग्निप्रतिकारक्षमता किती तासांची धरली आहे, आणि ती सांध्यांनाही लागू आहे काय? तुळया तापून वाढल्यास व निवून आक्रसल्यास सांध्यावर येणाऱ्या रेट्याचा व ओढीचा हिशेब अभियंत्याने केला आहे काय, आणि सांधा एकदम न तुटता थोडा वाकून तग धरील असा आहे काय? छत लावण्यापूर्वी प्रत्येक सांध्याच्या लेपाची जाडी मोजून तिची नोंद कोण ठेवणार? आणि नंतर कोणी लेप खरवडला तर तो भरून घेण्याची जबाबदारी कोणाची? या चार प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत घाई करू नये.

एक गोष्ट कायमची लक्षात ठेवावी. दुर्दैवाने कधी लहानशी आग लागली आणि इमारत उभी राहिली, तर ती उभी आहे एवढ्यावरून तिला धडधाकट समजू नये. भिंतीला चुना देऊन दुसऱ्या आठवड्यात लग्नाचा मांडव घालणे म्हणजे अविचार. आधी जाणत्या अभियंत्याकडून सांधे उघडून पाहावेत, प्लेटांना चिरा गेल्या आहेत का ते तपासावे, तापलेले बोल्ट काढून नवे घालावेत.

आणि कितीही चांगला सांधा हा माणसांना बाहेर पडण्यापुरता वेळ मिळवून देण्यासाठी असतो. मांडवाचे कापड, सजावट, भटारखान्यातील सिलिंडर आणि एकाच वेळी जमलेली पाच-सातशे माणसे असे कार्यालयाचे स्वरूप असते. त्याच्या वर मुले निजणार. तेव्हा वसतिगृहाचा जिना भटारखान्यापासून दूर व स्वतंत्र असावा, तो सामानाने अडलेला नसावा, आणि दुसरा जिना कागदावर नव्हे तर प्रत्यक्षात असावा. सांध्याने मिळवून दिलेला तास कुलपाच्या दारापाशी वाया जाऊ नये.

खर्चाचा प्रश्न निघेल, आणि तो निघावा. मंडळाचा पैसा हा कोणा एकाचा नाही. त्यात पेन्शनरांचे दहा-दहा रुपये आहेत आणि भगिनीमंडळाने हळदीकुंकवातून साठविलेली रक्कम आहे. म्हणूनच तो कोठे खर्चावा याचा विवेक हवा. देणगीदारांची नावे कोरण्यासाठी संगमरवरी फरशी दर्शनी भिंतीवर लागते, आणि तिच्यासाठी देणगी सहज मिळते. छताआड दडलेल्या सांध्यावर कोणाचेच नाव कोरता येत नाही, म्हणून त्याच्या लेपासाठी कोणी पुढे येत नाही. खर्चास कात्री लावण्याची वेळ आली की पहिली कात्री तेथेच लागते, कारण ती कोणास दिसत नाही. आमची सूचना अशी की, फरशी थोडी लहान करावी, प्रवेशद्वाराची कमान साधी ठेवावी, पण सांध्यांसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम काढून ठेवावी आणि ती दुसरीकडे वळविण्यास सर्वसाधारण सभेची मान्यता आवश्यक करावी.

आपल्या पूर्वजांनी वाडे बांधले तेव्हा पाया व तुळई यांची निवड घरातील वडील माणूस स्वतः उभा राहून करी. ते काम मिस्त्रीचे आहे असे म्हणून तो ओसरीवर बसत नसे. साहित्य बदलले, लाकडाच्या जागी पोलाद आले, पण वडीलकीचे ते कर्तव्य बदललेले नाही. आज ते मंडळाच्या, म्हणजे आपणां सर्वांच्या शिरी आहे. कोकणातून वा देशावरून कोणी आईबाप आपल्या मुलाला वसतिगृहाच्या दारी सोडून परत जातील, तेव्हा ते छताकडे पाहून सांध्यांची विचारपूस करणार नाहीत. ती आपण केली असेल, असाच त्यांचा विश्वास राहील. तो विश्वास सार्थ व्हावा, नियोजित वास्तू शतायुषी व्हावी आणि तिच्या सांध्यांची परीक्षा कधीही न व्हावी, अशी आमची परमेश्वरचरणी प्रार्थना आहे.